होस्टेलचा रकाना

वाशीमच्या एका कॉलेजची वेबसाइट मी केली होती आणि तिचा मला फार गर्व होता, हे आधीच कबूल करतो. ऑफिसातून मराठी मजकूर यायचा तो जुन्या फॉन्टमधला. साइटवर टाकला की त्याची पार खिचडी व्हायची. मग आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं, मजकुराचं चित्र करून चिकटवलं. प्रवेशाच्या फॉर्मवरची 'नाव', 'पत्ता' ही अक्षरंसुद्धा चित्रंच. दिसायला एक नंबर!

फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. दुपारी दोनला जऊळक्याची एक मुलगी वडिलांचा हात धरून माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली. तिला दिसत नव्हतं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, ते साइट तुमीच बनवली ना? मले फॉर्म भरता येऊन नाही राह्यला."

"आण इकडं, पाच मिनिटात भरून देतो."

"नाही. मागल्या साली एकानं असाच भरून देल्ला. होस्टेल पाह्यजे का, हे त्यानं मले नाही, बाबाले इचारलं. बाबा म्हणे नको. रोजची येजा जमली नाही, राह्यली मी घरीच. औंदा माहा फॉर्म मीच भरीन."

वडील दारातच उभे होते. "एकटी कशी राहीन भाऊ ते? तुमीच सांगा."

बापलेकीच्या भांडणात मी कशाला पडू? खरं तर मला रागच आला होता. माझ्या साइटला नावं ठेवते! म्हटलं, "तुझा फोन जुना असेल."

ती हसली. तिचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवायचा. तिनं तो माझ्या कानाशी धरला आणि बोट सरकवत गेली. "चित्र. रकाना. चित्र. रकाना. बटण. बटण."

"आता सांगा, याच्यात नाव कुठी लिहू?"

घ्या! नाचता येईना अंगण वाकडं, ती गत माझीच.

चहा सांगितला आणि बसलो. एकेक चित्र काढून तिथं खरी अक्षरं टाइप केली, प्रत्येक रकान्याला त्याचं नाव जोडलं, कोणतं बटण कशाचं ते लिहिलं. ती शेजारी बसून तपासत होती आणि माझी शाळा घेत होती. "जन्मतारखेचं कॅलेंडर उघडतच नाही. तारीख टाइप करू द्या ना भाऊ, कायले शायनिंग करता?" तेही काढलं. चार वाजून गेले होते.

मग ती भरत गेली. वडील आत येऊन तिच्या मागं उभे राहिले. फोन म्हणाला, "वसतिगृह हवे आहे का?" तिनं बोट टेकवलं. "हो. निवडले." फोन मोठ्यानं बोलला. मी मनात म्हटलं, काका, आता मध्ये बोलू नका.

ते बोलले नाहीत. पाचला दहा कमी असताना फोननं सांगितलं, "तुमचा अर्ज मिळाला आहे." सुटलो एकदाचा! इतकं हलकं मला स्वतःच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

वडिलांनी तिच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "सारं तूच भरलं?"

"हो बाबा."

आता ते मला काहीतरी विचारतील असं वाटलं. पण त्यांनी तिलाच विचारलं, "मंग गादी थे लोक देतात, का आपल्याले घरून न्या लागन?"