कड्याखालचा दगड

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी ज्यापासून होतात तो दगड आमच्या खानापूरकडच्या डोंगरात आहे का, हे बघायला इंग्रजांच्या अमदानीत एक साहेब आले होते. मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही. मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या मला त्यांनी दुभाष्या म्हणून ठेवलं. पहिलीच नोकरी, तेव्हा माझी ऐट विचारू नका.

बारा जागांचे बारा दगड मी खडूनं आकडे घालून आमच्या पडवीत मांडले होते. थोरली आक्का माहेरपणाला आलेली. तिनं पडवी सारवायला काढली आणि साहेबांच्या वस्तू मातीनं भरलेल्या कशाला, म्हणून सगळे दगड घासून धुतले. आकडे गेले.

साहेब आले तेव्हा मला घाम फुटलेला. आक्का मात्र निवांत. "त्यात काय? ह्यो देवराईच्या वरचा. चुलीला लावला की तडकतो. ह्यो झऱ्याकडचा, लई जड." एका तांबूस दगडावर तिनं तोंडाची वाफ सोडून वास घेतला. "ह्यो पठारावरचा. मडक्यागत वास येतोय बघ." मी शाळेत बसत होतो त्या वयात ती मोळ्यांसाठी हे डोंगर अनवाणी तुडवत होती. साहेब वहीशी ताडून मान हलवत होते. मलाही नवल वाटत होतं. हिला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

शेवटचा दगड तिनं बाजूला सारला. "ह्यो आमच्या डोंगराचा न्हाय. सडकेच्या खडीतला हाय."

"काय म्हणते?" साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं.

अकरा दगड साहेबांनी आणि मी मिळून गोळा केले होते. कड्याखालचा बारावा आणायला मी एकटा उतरलो, आणि येताना तो हातून दरीत गेला. परत उतरायचा कंटाळा केला नि सडकेवरचा एक उचलून त्यावर आकडा घातला. आता काहीही सांगितलं असतं तरी साहेबांना कळलं नसतं. पण आक्का बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, माझं तोंड वाचता येत होतं.

मी खरं ते सांगितलं. मला फार लाज वाटली.

साहेब हातोडी आक्कापुढे धरून मला म्हणाले, "कड्याखाली ती येईल का, विचार."

आक्कानं पदर खोचला. "चल रं, पिशवी घे."

नोकरी टिकली. आक्का माहेरी होती तोवर हातोडी तिच्याकडे राहिली आणि पिशवी माझ्याकडे.