निमंत्रण समितीतल्या माझ्या अकरा सह्या

दोन कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवायचे महिन्याला बारा हजार? एवढ्या पैशात मी साऱ्या तालुक्याच्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून देईन... आणि दर आठवड्याला धुऊनही ठेवीन.

हं. आता गावच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना जय भीम. मी चौथी शिकलेली बाई. मी बोलते आणि मोबाईल लिहितो, चुकलं तर मोबाईलला बोला.

सोमवारची गोष्ट. माझी नात मयुरी, तिचा नर्सिंगला नंबर लागला. शुक्रवारपर्यंत डोमिसाईलचा दाखला जमा केला नाही तर तिची सीट दुसऱ्या पोरीला जाणार. दाखल्याचा अर्ज आपल्या पंचायतीतच भरता यावा म्हणून सरकारने एका कंपनीला महिन्याला बारा हजारांचा ठेका दिला आहे. गेलो आम्ही दोघी... खोलीला कुलूप.

चपराशाने उघडून दिलं. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर टॉवेल. इन्व्हर्टर आहे, बॅटरी नाही. ऑपरेटर राहतो तिकडे तालुक्याला, अहेरीला. त्याला फोन लावला तर म्हणतो, "नेट नाई चालून राह्यलं आजी, पाहतो मी."

काय पाहतो? मंगळवारी आम्हीच बसने अहेरीला गेलो. दिवसभर लाईनीत उभं राहून अर्ज टाकला. खिडकीतली बाई म्हणाली, तीन-चार दिवस लागतात, शुक्रवारचं सांगता येत नाही. सोमवारीच गावात अर्ज गेला असता तर एक दिवस हातात होता ना...

काल सकाळी मी तशीच ग्रामसेवकाकडे गेले. मयुरी मागून "आजी, भांडू नको" म्हणत होती. भांडायला नाही तर काय आरती करायला जाते मी?

"काऊन भाऊ, त्या खोलीचं बिल कोण पास करते?"

"बाई, सगळं नियमात आहे. सनियंत्रण समिती दर महिन्याले काम पाहते, कागदावर सही करते. मंगच बिल निघते."

"कोण आहे त्या समितीत? आण त्याले माझ्यासमोर. डोळे फुटले का त्याचे?"

ग्रामसेवकाने कपाट उघडलं. फाईल काढली आणि माझ्याकडे फिरवली. अकरा महिन्यांचे अकरा कागद. प्रत्येकावर छापलेलं, 'सेवा समाधानकारक'. आणि प्रत्येकाच्या खाली... ताराबाई. शेवटची ई मी शेपटी उलटी वळवून काढते. अशी ई गावात दुसऱ्या कोणाची नाही.

"तुमचीच सही आहे बाई," तो म्हणाला.

झालं असं होतं... मागच्या वर्षी समितीत एक बाई पाहिजे म्हणून माझं नाव घातलं. मी ऐकलं, निमंत्रण समिती. म्हटलं बरं आहे, लोकांना बोलावणं मला जमतं. तेव्हापासून प्रत्येक ग्रामसभेला मी घरोघर जाऊन निमंत्रण देते. साहेब येणार असले की खुर्च्या मांडून घेते. महिना संपला की चपराशी अंगणात कागद आणायचा, पेन्सिलची खूण असेल तिथे मी सही करायची. मला वाटायचं, मी बोलावलेल्यांची हजेरी आहे.

मयुरी हसून हसून खाली बसली. "आजी, निमंत्रण नाई, सनियंत्रण! देखरेख करायची होती तुले."

"कोणाची?"

"याच कंपनीची!"

पहिले तिचा राग आला. मग चपराशाचा. मग माझा... अकरा महिने मी गावाला बोलावत फिरले आणि जे पाहायचं होतं तेच पाहिलं नाही.

म्हटलं, करार काढ. मयुरी, वाच मोठ्याने. आठवड्यातले सहा दिवस, दहा ते पाच खोली उघडी. "आहे?" ग्रामसेवक म्हणे, नाई. बिघाड दोन दिवसांत दुरुस्त. "होते?" नाई. बॅटरीसकट इन्व्हर्टर. नाई. इंटरनेट? "कधी कधी." कधी कधी म्हणजे नाई, भाऊ.

मागच्या महिन्यात दाखले किती निघाले, विचारलं. चार. बारा हजारात चार दाखले, म्हणजे एक दाखला तीन हजाराला पडला. आम्ही दोघी अहेरीला जाऊन, अर्ज टाकून, वरून आलूबोंडे खाऊन त्याच्या दहाव्या हिश्श्यात घरी आलो.

"दर वरून ठरते बाई, आपल्या हातात काई नाई."

"दर वर ठरते. पण सही तर माझ्या अंगणात होते ना?"

या महिन्याचा कागद तिथेच पडला होता, पेन्सिलची खूण करून तयार. मी छापलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली माझ्या हाताने लिहिलं... 'सेवा नाही.' दोनच शब्द, पण वेळ लागला. ग्रामसेवक कपाळाला हात लावून म्हणतो, "बाई, कागद खराब केला तुम्ही."

"कागद नाई भाऊ. बिल खराब केलं."

आज गुरुवार. मयुरी सकाळपासून मोबाईलवर पाहत आहे, दाखल्यासमोर 'प्रलंबित' येतं. जेवली नाही पोरगी. उद्या संध्याकाळी कॉलेजची मुदत संपते.

मंगळवारी ग्रामसभा आहे. ऑपरेटरला पुढे ढकलायचं नाही, त्या पोराच्या हातात कंपनी किती टेकवते ते त्यालाच माहीत. अकरा सह्या माझ्या, म्हणून पहिलं उत्तर मी देईन. दुसरं, ज्याने न पाहता बारा हजारांचा दर ठरवला त्या अधिकाऱ्याने द्यायचं. तिसरं कंपनीच्या मालकाने. फोनवर नाही, चिठ्ठी पाठवून नाही... इथे येऊन, मयुरीच्या समोर उभं राहून.