राखणीची बर्गंडी

जन्मात एकदा तरी चाखावी अशी रेड वाइन कुठली, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात मी वाइन पारखून, निवडून देण्याचं काम करते, त्यामुळे तो प्रश्न माझ्या पगारातच धरलेला आहे. मी उत्तर देते, आणि थोडा भाव खाऊनच देते. इटलीची जुनी बारोलो घ्या. रंगाने फिकी, दिसायला अगदी गरीब, पण तोंडात घेतली की दोन मिनिटं बोलू देत नाही. फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठची सिरा घ्या, तिला मिरीचा आणि धुराचा वास असतो. बोर्दो घ्यायची तर वीस वर्षं वाट बघितलेली घ्या, नाहीतर नादाला लागू नका. फ्रान्सच्याच बर्गंडीचं नाव मी सगळ्यांत शेवटी घेते आणि जरा थांबून घेते. ह्या सगळ्या मी चाखल्या आहेत. बहुतेक चाखून थुंकल्या आहेत, कारण आमच्या धंद्यात गिळत बसलं तर दुपारपर्यंत नाक बंद पडतं. पण ज्या बाटलीचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे, तिचा एक थेंबही माझ्या जिभेला लागलेला नाही.

आमचं गाव तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. आंब्याची कलमं, थोडे काजू, पावसात भात. माझा धाकटा काका दारूने गेला, तेव्हा मी पाचवीत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचा विषय निघाला नाही, आणि मी मोठी होऊन नेमकी त्याच वस्तूत नाव काढायला निघाले. हॉटेलचं शिक्षण घ्यायला पाठवलं तेव्हा बाबांना वाटलं होतं, मुलगी खोल्यांची व्यवस्था बघेल, फार तर स्वयंपाकघर. मी वाइनकडे वळले. एकामागून एक परीक्षा दिल्या. शेवटच्या परीक्षेत सहा ग्लास समोर ठेवतात, नाव-गाव काही सांगत नाहीत, नुसत्या वासावरून आणि चवीवरून देश, द्राक्ष, साल ओळखायचं. मी सहाही ओळखले. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "बरा झाला. जेवलंस?"

वाडीत कुणी "तुझा चेडू काय करता?" म्हणून माझी चौकशी केली की बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "हाटेलात आसा. हापिसात." अशी मी वीस वर्षं हापिसात होते. मला त्याचा फार राग यायचा. एरवी माझी जीभ तिखट आहे, हॉटेलातले आचारी मला वचकून असतात, पण बाबांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. काकाचं दुःख मला कळत होतं. तरी मी पाजणारी नाही, पारखणारी आहे, हा फरक त्यांनी समजून घ्यावा आणि एकदा तरी चारचौघांत माझं काम काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. त्याहून जास्त काहीच नको होतं.

दोन वर्षांपूर्वी हॉटेलात नेहमी येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एक बाटली दिली. जुनी बर्गंडी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. त्यांच्या घरी उरलेली शेवटची. डॉक्टरांनी त्यांचं पिणं बंद केलं होतं. "माझी जीभ गेली, तुझी आहे तोवर उघड," एवढंच ते म्हणाले. अशी बाटली वर्षानुवर्षं या धंद्यात काढलेल्यांनाही बघायला मिळत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर चार जाणकार बोलावून मैफल केली असती. मी रजा टाकली आणि बाटली साडीत गुंडाळून गावी घेऊन आले.

मोहर धरायचे दिवस होते. मी बाटली भाताच्या खोलीत उभी ठेवली, कारण घरातली सगळ्यांत थंड जागा तीच. प्रवासात आतला गाळ ढवळला होता, तो बसायला चार दिवस हवे होते. "हिका आडवी करू नको, हलवू नको," असं आईला बजावून ठेवलं. जेवताना धीर करून बाबांनाही सांगितलं.

"बाबा, असली बाटली जल्मात एकदाच गावता. आयतवारी तुमच्यासमोर उघडतलंय. तुमी पियू नकात, निसतो वास घ्या. मगे माझा काम काय ता कळात तुमका."

बाबा भात कालवायचे थांबले. "जल्मात एकदाच?"

"होय."

त्यांनी उरलेला भात संपवला. हात धुऊन उठले. मी मनात म्हटलं, निदान नको तरी म्हणाले नाहीत.

शनिवारी दुपारी मी देवगडहून मासे घेऊन आले तर भाताच्या खोलीत बाटली नव्हती. आई वडे तळत होती.

"तुझ्या बापाशीन नेल्यान. राखणीक," ती म्हणाली. "तो म्हणता, जल्मात एकदाच गावणारी वस्तू आदी राखणदाराची, मगे आपली."

आमच्याकडे मोहर धरला की कलमांत राखण देतात. कलमांचा राखणदार म्हणजे बांधाकडेचा एक काळा दगड. त्याला कोंबडा, वडे आणि एक बाटली. वाडीतले बापये जमतात, थोरला माणूस गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात आणि प्रसाद तिथेच संपवतात. बायका कलमांभोवतीच्या दगडी गडग्याच्या आत जात नाहीत. बाटली आणायचं काम दरवर्षी शेजारच्या काकांचं असायचं, बाबा तिला हातसुद्धा लावत नसत. यंदा त्यांना हात लावायला माझीच बाटली सापडली.

मी मासे तिथेच ठेवले, बॅगेतून जुनी बुचं काढायचा दोन पात्यांचा चिमटा घेतला आणि धावत सुटले. रागाने माझं डोकं फिरलं होतं. पण राग आला म्हणून धंदा सुटत नाही. इतकं जुनं बूच कोयत्याच्या टोकाने काढलं तर त्याचा भुगा होऊन आत पडेल, हेच आधी डोक्यात आलं. वाटेत मी बाबांना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. वीस वर्षांचं साचलेलं होतं, शब्दांची वाण नव्हती.

गडग्याशी पोचले तेव्हा दहाबारा बापये दगडाभोवती उभे होते. शेजारचे काका खरंच कोयता घेऊन तयार होते. आणि बाबांनी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. उभी. घरापासून कलमांपर्यंतची ती चढणीची वाट ते तशीच उभी धरून चालत आले होते. उन्हात बाटलीच्या तळाशी गाळ जागच्या जागी बसलेला दिसत होता. आईला बजावलेलं त्यांनीही ऐकलं होतं.

"कोयतो लावू नकात," मी गडग्याबाहेरून म्हटलं. "उघडूची आसा तर माका द्या."

बाबा चालत आले आणि बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती गडग्याच्या सपाट चिऱ्यावर टेकवली, चिमट्याची पाती बुचाच्या दोन बाजूंनी हळूहळू आत सरकवली आणि फिरवत फिरवत बूच अख्खं बाहेर काढलं. मग सवयीने बाटलीचं तोंड नाकाशी नेलं.

"हुंगू नको गो," वाडीतला एक म्हातारा आतून म्हणाला. "देवाची आसा ती."

मी चपापले. देवाला वाहायचं फूलसुद्धा आम्ही हुंगत नाही, हुंगलं की ते उष्टं. ह्या बाबतीत बाबांइतकं कडक कुणी नाही. लहानपणी मी सुरंगीची फुलं हुंगली म्हणून त्यांनी अख्खी परडी माझ्या हातातून काढून आवाराबाहेर ओतली होती. मी बाटली खाली ठेवायला गेले.

"हुंगू दी तिका," बाबा म्हणाले. "तिचा कामच ता."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"इतकी वर्सां बंद होती. आत नासली आसली तर? नासलेली राखणदाराक घालतलास? ती बरी म्हणात तरच घालूची." आणि मला म्हणाले, "घे गो बाय. सावकाशीन घे."

मी वास घेतला. आधी नुसतं जुनं लाकूड आणि ओल. अशा वेळी घाई करायची नसते, म्हणून थांबले. पुन्हा नाक नेलं तेव्हा सुकलेला गुलाब आला, मग पिकलेल्या रातांब्याची साल, पावसानंतरचा पालापाचोळा, आणि त्याच्याही मागे काहीतरी गोड, जे मला आजवर दुसऱ्या कुठल्या वाइनमध्ये भेटलेलं नाही. इतक्या वर्षांनी ती जिवंत होती.

"बरी आसा," मी म्हटलं. "खूप बरी आसा, बाबा."

अंगठ्याला एक थेंब लागला होता. तो मी चाटला नाही, ओढणीला पुसला. वास घ्यायची परवानगी मिळाली होती, चाखायची नव्हती, आणि मिळालेलं मला पुरेसं होतं. नंतर वाडीतल्या बापयांनी उरलेली बर्गंडी स्टीलच्या पेल्यांतून प्याली, एकाने सोडा आहे का म्हणून विचारलं, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण ते नंतरचं.

आधी बाबा बाटली घेऊन दगडासमोर उभे राहिले. टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. कलमांचं मागितलं, मोहराचं मागितलं, वाडीतल्या लेकराबाळांचं मागितलं. मग घसा साफ केला, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आणि बा राखणदारा म्हाराजा, ही बाटली माझ्या चेडवान हाडलेली आसा. माझा चेडू मुंबयत दारवेची पारख करता. मोठमोठे सायब, पण माझ्या चेडवान वास घेऊन बरी म्हटल्याशिवाय घोट घेणत नाय. तेच्या नाकाक आणि जिभेक यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. गडग्याबाहेरून मीही म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.