मुलुंड ते अंधेरी, बोरिवलीमार्गे: एका अनुदान अर्जाचा प्रवास

स्टाफरूमच्या चौकशांना कंटाळून हे लिहिते आहे. "मॅडम, अध्यापन प्रकल्पाच्या अनुदानासाठी अर्ज कुठे द्यायचा? काय न्यायचं? जायचं कसं?" तेच तेच सांगून घसा बसला. यापुढे विचाराल तर या पानाचा दुवा मिळेल. या ब्लॉगवर आजवर हंपी झाली, स्पिती झाली. दोन्हीकडे मी इतकी दमले नव्हते.

आधी प्रकल्प काय ते सांगते. आमच्या कॉलेजात मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी संध्याकाळी संख्याशास्त्राचा जादा वर्ग चालतो. मुलांना गणित येतं, पण इंग्रजी पुस्तक उघडलं की तोंडं मिटतात. वर्ग सोनाली तांडेल घेते. ती तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास तितकेच पैसे. जूनपासून तेही द्यायला कॉलेजने नकार दिला. अंधेरीतली एक विश्वस्त संस्था शिक्षकांच्या अशा प्रकल्पांना दोन वर्षं पैसे देते. ते मिळाले तर वर्ग राहणार, नाहीतर कुलूप. प्रकल्पप्रमुख अर्थातच मी. दुसरं कोण असणार, असं मला वाटलं होतं.

अर्जासोबत एका वरिष्ठ प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. आमच्या कॉलेजात माझ्याहून वरिष्ठ फक्त इमारत आहे. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी बोरिवलीला शालनकडे निघाले. ती तिथल्या कॉलेजात विभागप्रमुख आहे, आणि माझ्याशी भांडण्याचा परवाना असलेली एकमेव मैत्रीण.

मुलुंडहून बोरिवलीला थेट बस मिळते, पवईवरून जाते. उजवीकडची खिडकी धरा, तलाव दिसतो. पुढे रस्ता खोदलेला दिसतो, तो दोन्ही खिडक्यांतून.

आमच्या क्षेत्रातली एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. शिफारसपत्र मागितलं की उत्तर येतं, "तूच लिहून आण, मी सही करते." त्याप्रमाणे मी स्वतःची स्तुती स्वतःच टाइप करून नेली होती. एका बैठकीत दोन पानं झाली होती. आणखीही झाली असती.

शालनने घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबार पुढे ठेवलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"'विद्यार्थ्यांविषयी अपार जिव्हाळा.' काय गो, कोणाचा? तुझा?"

"मग कोणाचा?"

"शिंकला म्हणून एका पोराला वर्गाबाहेर काढलं होतंस ना तू?"

"दोनदा शिंकला होता."

"'दूरदृष्टी आणि विनम्रता.'" तिने चष्मा काढला. "अगं, विनम्रता तरी खोड. सही माझी आहे, मला लोकांना तोंड दाखवायचंय."

विनम्रता खोडली. सही झाली. आणखी एक घावन खाल्लं.

बोरिवली ते अंधेरी मेट्रोने जा. राष्ट्रीय उद्यान स्थानकातून बसलात की हायवेच्या डोक्यावरून थेट गुंदवली, म्हणजे अंधेरीच. तिकीट रिक्षाच्या मानाने किरकोळ, गाडी थंडगार. मी रुबाबात बसले होते. मांडीवर फाइल, फाइलमध्ये माझी दूरदृष्टी.

संस्थेच्या कार्यालयात टेबलामागे एक बाई होत्या. माझ्यासारख्याच, म्हणजे हसत नव्हत्या. पहिलं पान वाचून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही निवृत्त कधी?"

"पुढच्या मे महिन्यात."

"प्रकल्प दोन वर्षांचा आहे. प्रमुख तेवढा काळ सेवेत हवा."

"मी मानद म्हणून येत राहीन."

"मानद चालत नाही."

माझी निवृत्ती शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. अर्ज भरताना ती फक्त मलाच आठवली नव्हती.

"तासिका तत्त्वावरची शिक्षिका प्रमुख चालेल?"

"प्राचार्यांची संमती असेल तर चालेल. पण शिफारस तिच्या नावाची लागेल. वरिष्ठ आहात, तुम्हीच लिहा. पाचला खिडकी बंद."

प्राचार्यांना फोन केला. प्रकल्पप्रमुख मी नाही म्हटल्यावर संमतीपत्र मेलवर इतक्या झटकन आलं की जरा लागलंच. सोनालीला बोलावलं. ती खारदांड्याला राहते, रिक्षाने निघाली. मी खालच्या उपाहारगृहात नवा अर्ज आणि कोरे कागद घेऊन बसले. (इथली मिसळ बरी आहे. चहा नको.)

पहिलं वाक्य लिहिलं: 'सोनाली तांडेल ठीक शिकवतात.' माझ्या तोंडून याहून मोठी स्तुती कोणी ऐकलेली नाही. पण एवढ्यावर कोण पैसे देणार? खोडलं.

मग आठवलं ते लिहिलं. एका संध्याकाळी वर्गाचे दिवे बघायला गेले होते आणि दाराबाहेर थांबले. कोणाला घरी पोहोचायला किती वेळ लागतो ते विचारून सोनालीने मुलांना ओळीत उभं केलं होतं. मधे एक खुर्ची, ती सरासरी; तिच्यापासून जो जितका लांब, तितकं त्याचं विचलन. टिटवाळ्याची एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, पार भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "मॅडम, मीच का एवढी लांब?" सोनाली म्हणाली, "तू लांब आहेस म्हणून तर मोजायला काही आहे गं. सगळे खुर्चीतच बसले असते तर विचलन शिकवलं कशावर असतं?" पोरगी हसली आणि तिथूनच तिने पुढचं गणित सांगितलं. एवढी वर्षं मी विचलन शिकवते आहे. माझ्या वर्गात त्यावर कोणी हसलेलं नाही.

सोनाली आली, धापा टाकत. उभ्याउभ्याच पत्र वाचलं.

"तुम्ही तेव्हा बाहेर होतात?"

"होते."

"पण मॅडम, तुम्ही नंतर मला एवढंच म्हणालात, की जाताना दिवे बंद कर."

"मग? केलेस ना?"

ती हसायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "प्रमुख म्हणून मला झेपेल का?"

"मला काय विचारतेस? मी बाद झालेय. सही कर, वेळ होतोय."

येताना मेट्रोने घाटकोपर आणि तिथून बसने मुलुंड. घरी आले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. निकाल महिनाभराने कळेल. वर्ग राहील की नाही, मला माहीत नाही. शालनच्या सहीची दोन पानं अजून फाडलेली नाहीत. वाचायला बरी वाटतात.

अंधेरीत पाचच्या आत सुपूर्द केलं ते असं: अर्ज, मूळ आणि एक प्रत. प्राचार्यांचं संमतीपत्र. शिफारसपत्र एक, हस्तलिखित, पहिली ओळ खोडलेली. प्रकल्पप्रमुख: सोनाली तांडेल. पोच तिच्याकडे.