दीड फुटी पाईप

घमेली उचलता उचलता मी ठेकेदार झालो, त्यामुळे घासाघीस मला कुणी शिकवायला नको. पण बांधकाम खात्यातल्या त्या साहेबांपुढे माझं काही चालत नाही. ते आवाज चढवत नाहीत. पेनाचं टोपण काढतात, लावतात, पुन्हा काढतात, आणि आपण बोलून दमलो की एवढंच विचारतात, "आन् मंग?"

विंझरजवळ रस्त्याखालून पाणी जायला मोरी घालायची होती. नियमात दीड फुटी पाईपही बसत होते, म्हणून मी तेच आणून उतरवले. साहेब म्हणाले, तीन फुटीच टाका.

"पाणी ह्यातूनही जाईल की!" मी ओरडलो.

"आन् मंग?"

"मग काय? गाळ बसला तर काढतील लोक."

त्यांनी पेन खिशात ठेवलं, गुडघे टेकले आणि सगळ्यांसमोर त्या पाईपात शिरले. खांद्यापाशी अडकले. आम्ही पाय धरून ओढलं, तेव्हा फाटक्या शर्टाने बाहेर आले.

"वीस वर्सांनी गाळ काढायला कुणीतरी असाच शिरंल, शेठ. त्याला वढायला तुमी असणार का?"

"तेव्हा तुम्ही तरी कुठे असणार?"

"म्हनून तर आज ठरवायचं."

मी पाईप परत नेले. राग अजून गेलेला नाही. पण भोर-वेल्ह्यात मी आधी घातलेल्या दीड फुटी मोऱ्या तशाच आहेत. हल्ली त्यांच्यावरून जाताना माझी गाडी हळू होते, आणि साहेबांना मी मनातल्या मनात पुन्हा शिव्या घालतो.