स्टेशन असलेलं गाव

आमच्या गावाला स्टेशन आहे, असं मी अजूनही सांगतो. एक खोली, एक बाक, एक कडुनिंब. दाराची चौकट कुणीतरी काढून नेली. फलाटावर लोक सोयाबीन वाळवतात.

छोट्या लाइनीची गाडी होती ती. फाटकावर माणूस नव्हता. गार्डच उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की उघडायचा आणि पळत जाऊन चढायचा. असंच फाटक लावताना एकदा तो मला म्हणाला, "कायमची बंद होऊन राहिली गाडी. गावात बोलू नको."

त्याच आठवड्यात मुलीकडचे आले, त्याच गाडीनं. माझी पस्तिशी उलटली होती. नकार ऐकून घरचे थकले होते. मुलीचा मामा फलाटावरच म्हणाला, "काय गाडी हाय बापा तुमची! उतरून बोरं तोडली, अन् पुन्हा चढलो!" सगळे हसले. मुलीची आई तेवढी हसली नाही. तिला मोटार सोसत नसे, बसमध्ये पोटात पाणी ठरत नसे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीले भेटाले मले हीच गाडी. चालू राहीन नं?"

"राहीन नं मामी. गाडीले काय होते?" आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

लग्नानंतर मामी एकदाच येऊ शकल्या. मग गाडी थांबली. काही दिवसांपुरती, असं सांगत होते. मला तेवढंच पुरलं. आम्ही घर बांधलं तेव्हा त्या परतवाड्याहून जीपमध्ये बसल्या, आणि अर्ध्या वाटेतून ओकत परत गेल्या. दर फोनवर विचारायच्या, "गाडी कवा सुरू होते जवाईबापू?"

"मोठी लाइन टाकून राहिले मामी. थांबा थोडं."

बायको शेजारी बसून हे ऐकायची. तिलाही खरं वाटायचं.

यंदा फलाटावर सोयाबीन भरताना तिला गार्ड बोलला होता ते सगळं सांगून टाकलं. तिनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"मले काहून सांगता? मायले सांगा." तिनंच फोन लावून दिला.

मी सांगितलं. मामी म्हणाल्या, "म्या तुमाले इचारलं होतं. दुसऱ्या कोनाले नाई, तुमाले."

त्यांचा फोन आताही येतो, पण बायकोच्या मोबाइलवर. गाडीचा विषय निघत नाही. बोलता बोलता बायको अंगणाबाहेर निघून जाते.