एक वाजताची तोफ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं एडिंबरा शहर माहीत असलेला माणूस खुद्द एडिंबरातही सापडायचा नाही, आणि काकांनी एडिंबरात आजवर पाऊल ठेवलेलं नाही. मूळचे नाशिकचे, तीस वर्षं कतारमध्ये गॅस प्लांटवर. पहिला साहेब स्कॉटिश मिळाला, एडिंबराचाच. त्याचं इंग्रजी काकांना निम्मंच कळायचं, पण उरलेल्या निम्म्यात काय असेल या कुतूहलापोटी त्यांनी त्याचं अख्खं गाव पाठ करून टाकलं. "किल्ल्यावरून खाली निघालास की डाव्या हाताला तिसरा बोळ," असं ते दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या आपल्या घरी सोफ्यावर बसून सांगत, आणि तेच काका मॉलच्या पार्किंगमध्ये दर वेळी गाडी हरवत. काकू पिशव्या घेऊन खांबाला टेकून म्हणायच्या, "स्कॉटलंडात लावली असेल, बघा जाऊन!"

इमारतीतलं कुणी तिकडे निघालं की काका त्याला चहाला बोलवून दोन तास डांबून ठेवत. तिथे एका कुत्र्याचा पुतळा आहे, त्याच्या नाकाला हात लावायचा नाही, लोकांनी घासून घासून झिजवलंय बिचाऱ्याचं. चर्चसमोर फरशीत दगडांचं हृदय आहे, त्यावर थुंकायची तिथली जुनी रीत आहे, "पण म्हणून पान खाऊन जाऊ नका, आपली अब्रू जाईल." परत आल्यावर पुन्हा दोन तास तोंडी परीक्षा. फोटो त्यांना चालत नसत. "फोटो माझ्याकडे आहेत रे. तुला काय वाटलं ते सांग."

स्वतः ते दोनदा निघाले होते. पहिल्यांदा प्लांटचं शटडाउन आलं, रजा खलास. दुसऱ्यांदा व्हिसा हातात असताना काकूंचं ऑपरेशन निघालं. मग गुडघे गेले आणि त्या चढउतारांच्या गावाचा विषयच संपला. "इन्शाल्ला, पुढच्या जन्मी," म्हणून हसायचे. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला एकच काम सांगितलं. किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ सुटते. "जवळ उभा राहा. मोबाइल खिशात ठेव. आवाज छातीत कुठे लागतो ते मला येऊन सांग, बस्स."

आता खरं सांगतो, लाज वाटते तरी. चार दिवसांत एकाच्या ठोक्याला आम्ही एकदा हॉटेलात झोपलेलो, एकदा बायकोच्या स्वेटरसाठी दुकानात, एकदा पावसाला वैतागून पिझ्झा खात. किल्ला पाहिला तो शेवटच्या दिवशी, चार वाजता, धावतपळत. किती साधं काम होतं हो! परतल्यावर काकांनी चहा पुढे केला, चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, सांग." त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे मला नाही म्हणवेना. मी सुटलोच. कबुतरं उडाली, काचा थरथरल्या, आवाज छातीत नव्हे, थेट पोटात लागतो काका!

"कुठल्या दिवशी गेलास?"

"रविवारी. शेवटच्या दिवशी."

काकांनी डोळे उघडले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "वा," म्हणाले, "चहा घे, गार होतोय."

जिना उतरताना सोबत आलेली माझी लेक म्हणाली, "बाबा, दे डोन्ट फायर इट ऑन संडेज. इट वॉज ऑन द बोर्ड." रविवारी तोफ नसते! आम्हा दोह्यातल्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवार म्हणजे डबा घेऊन ऑफिस. बाकीच्या जगात तो सुट्टीचा असतो, हे थाप मारताना माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथूनच परत वर जायला हवं होतं. एक मजला तर होता. नाही गेलो.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. भेटले की हसत, विचारपूस करत, पण बोलणं तूरडाळ आणि दमट हवा यापलीकडे जाईना. काही महिन्यांनी निवृत्त होऊन ते दोघं कायमचे नाशिकला निघाले, तेव्हा विमानतळावर सोडायला मीच गेलो. 'चुकलो काका' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते, पण वाटभर ट्रॅफिकबद्दल बोलत राहिलो. शेवटी ट्रॉली ढकलता ढकलता भलतंच बोललो, "काका, येत्या उन्हाळ्यात पुन्हा जातोय तिकडे. या वेळी नीट बघतो. काय काय बघू, सांगा ना."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीला घेऊन मजा कर रे. स्वेटर घाला, तिकडे गारठा असतो."

एवढं तर मला कुणीही सांगितलं असतं.